एकवीस गाठी

उज्वलाबाई बोरवाडीच्या शाळेत बदलून आल्या तेव्हा त्यांच्या सामानात एक ट्रंक कपड्यांची आणि दोन ट्रंका गोष्टींच्या पुस्तकांच्या होत्या. मुखेडच्या बसमधून हे सामान फाट्यावर उतरलं, व्यंकटीच्या बैलगाडीतून गावात आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गावाचं मत तयार झालं की बाईंच्या घरी काहीतरी बिनसलेलं असावं. एवढं वाचणारं माणूस सुखात असल्याचं गावानं कुठं पाहिलं नव्हतं.

बाईंची शिकवायची तऱ्हाही निराळी. पाचवी ते सातवीची सव्वीस पोरं एका खोलीत बसवायच्या, मुलांच्या कादंबरीतलं एक प्रकरण मोठ्यानं वाचायच्या आणि पुस्तक मिटून म्हणायच्या, "आता हे हातानं करून बघू." कादंबरीतली पोरं चिंचेखाली सभा भरवतात, तर शाळा चार दिवस चिंचेखाली. कादंबरीतली आजी हुलग्याचं माडगं करते, तर पोरांनी तीन विटांच्या चुलीवर माडगं रांधलं. ते चाखून मुख्याध्यापकांनी दोन दिवसांची रजा टाकली. किराणा दुकानदार गुरुलिंगअप्पा शाळा समितीचा अध्यक्ष होता. शाळेची किल्लीही त्याच्याच दुकानात, उदबत्त्यांच्या शेजारी खिळ्याला असायची. तो गल्ल्यावरून गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या वक्ताला मास्तर मारून शिकवायचे. ह्या बाई खाऊ घालून शिकवून राहिल्या. बघू, कोणती पोरं टिकतात ते."

आषाढात कादंबरी पाचव्या प्रकरणाला आली. त्यात एक गाव धरणाखाली जाणार असतं. मोठी माणसं ओट्यावर बसून रडतात आणि पोरं दोर घेऊन निघतात. घर, विहीर, झाड, बांध, सगळं मोजतात आणि मातीचं गाव तयार करतात. उद्या पाणी आलं तरी कुणाचं काय कुठं होतं, ते राहावं म्हणून.

त्या दिवशी रामकिशनची सुकन्या दप्तर न टाकताच गोठ्यात आली. "आप्पा, दोर पाहिजे. लई लांब."

"कशाला? बाईला बांधून घालता का?"

"शिवार मोजायचंय."

रामकिशनला ही एकच लेक. पोरगी हिशोबात पक्की होती. दळण आणायला गेली की गिरणीवाला काटा दोनदा बघायचा. रामकिशननं बैलांचे दोन्ही कासरे काढले. अंबाडी भिजवून, सोलून त्यानं ते स्वतःच्या हातानं वळले होते. दोन्ही एकाला एक जोडून दिले आणि एकेका हातावर गाठ कशी मारायची ते दाखवलं. एका कासऱ्याला बारा, दुसऱ्याला बारा. चोवीस गाठींचा दोर झाला. "तोवर बैलं नायलॉनच्या दोरीवर चालवतो," तो म्हणाला, "पर गाठ आवळून मार. ढिली गाठ म्हणजे खोटी जबान."

हे वाक्य त्याला तेव्हा स्वतःलाच आवडलं होतं.

पोरांनी ओढ्याकडचं सगळं शिवार मोजलं. रामकिशनच्या रानाला लागून त्याच्या मेल्या भावाचं, दयानंदचं, दीड एकर रान होतं. दयानंद तीन वर्षांखाली ताप डोक्यात जाऊन गेला. माघारी त्याची बायको पारूबाई, पोटी लेकरू नाही. तिच्या रानात बांधाच्या अलीकडं एक जुना कडू लिंब होता. लिंबापासून बांधापर्यंत मोजताना दोराचं एक टोक पारूबाईनं लिंबाला टेकवून धरलं आणि दुसरं टोक घेऊन सुकन्या बांधाकडं गेली. "किती गं बाय?" पारूबाईनं ओरडून विचारलं. "एकवीस, काकी!" सुकन्यानं वहीत लिहिलं. मग दोघींनी लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. पारूबाईच्या हातची अंबाडीची भाजी सुकन्याला आईच्या भाजीपेक्षा आवडायची. हे घरात कुणी बोलत नसे.

वर्गाच्या मागच्या अर्ध्या भागात मातीचं शिवार तयार झालं. लिंबाच्या काडीचा लिंब, करडईच्या काटकीचा बांध, आणि एका गाठीला ज्वारीचा एक दाणा, उगवू नये म्हणून भाजलेला, मातीत दाबून. लिंबापासून बांधापर्यंत एकवीस दाणे. गाव येऊन बघून गेलं. ज्याला त्याला आपलं रान तेवढं बारकं वाटलं.

मग श्रावणात एका दिवसात जे पडलं त्याला पाऊस म्हणणं म्हणजे वाघाला मांजर म्हणणं. ओढा ओढा राहिला नाही. सकाळी पाणी उतरलं तेव्हा रामकिशन आपल्या रानाच्या कडेला उभा होता आणि पुढं रान नव्हतं. ओढ्यानं काठ खाल्ला होता, आणि उरल्या रानावरची काळी माती खरडून खाली पिवळा मुरूम उघडा पाडला होता. कातडं सोलल्यासारखा. सोयाबीन तर कुठं गेलं याचाही पत्ता नव्हता. दयानंदच्या आणि त्याच्या रानातला बांध सपाट झाला होता. हद्दीचे दोन्ही दगड गेले होते. लिंब तेवढा उभा होता, आणि लिंबाच्या आसपासचा चढ. तिथली काळी माती जशीच्या तशी होती, लोण्यासारखी.

रामकिशन त्या मातीकडं बराच वेळ बघत राहिला.

पोळा झाल्यावर ऊन पडलं तसा तो आणि त्याची बायको तुळजाबाई बांध घालायला गेले. तो कुदळीनं माती ओढायचा, ती घमेलं भरून टाकायची. चार दिवस. मुरूम कुदळीला दाद देत नव्हता. प्रत्येक घावाला मनगटातून खांद्यापर्यंत झिणझिण जायची. तुळजाबाईच्या चुंबळीखाली केस गळून टाळूला चट्टा पडला. दुसऱ्या दिवशी घमेलं डोक्यावर तसंच धरून थांबली.

"अवं, बांध इथं नव्हता."

"मंग कुठं व्हता?"

"त्या तिकडं. आपल्या अंगाला."

"तिकडचं सगळं ओढ्यानं नेलं की."

"ओढ्यानं आपलं नेलं. पारूचं न्हाई नेलं."

रामकिशननं कुदळ टेकवली. "मंग मी काय ओढ्यावर दावा लावू? बारा हात तर सरकवतोय. तिच्या माघारी ते कुणाला जायचंय? आपल्यालाच ना? आज न् उद्या आपलंच हाय, ते आज घेतलं."

तुळजाबाईनं घमेलं ओतलं. तिनं ते जिथं तो म्हणाला तिथंच ओतलं. बाईमाणसाचा विरोध आमच्याकडं साधारण एवढाच असतो.

पाचव्या दिवशी पारूबाई आली. डोक्यावर पदर ओढून, थोरल्या दिराकडं न बघता, बांधाशी बोलल्यासारखी बोलली.

"दादा, बांध आत आलाय."

"डोळ्याला आल्यासारखा दिसतोय. पाण्यानं सगळंच इकडचं तिकडं झालंय."

"लिंब न्हाई झाला."

"पारू, तू काय माप घेऊन बसलीस का? माझं रान बघ. मुरूम हाय निसता. माझ्याकडं बघून तुला काही वाटत न्हाई?"

"वाटतंय, दादा. पर माझ्याकडं तेवढीच माती ऱ्हायलीय. बाकीचं खरवडून गेलंय. तेवढ्यात भाजीपाला लावला तर मी खाईन. तेवढंबी गेलं तर मला हदगावला भावाच्या दारात जाऊन बसावं लागंल. भावजय कशी हाय, तुमाला ठावं हाय."

रामकिशन खाली बघून कुदळीचा दांडा ठोकू लागला. दांडा ढिला नव्हता.

पारूबाई मारुतीच्या पारावर गेली. पारावर गावातलं सर्वांत जुनं माणूस केरबा बसलेला असायचा. त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळं तो न्याय चांगला करी, अशी त्याची ख्याती होती. सरकारी मोजणीला अर्ज करा, असं कुणीतरी म्हणालं. गुरुलिंगअप्पा हसला. "मोजणीची तारीख येईस्तोवर लिंबाला नातवंडं होतील."

"मंग ढेकूळ," केरबा म्हणाला.

बोरवाडीत ही जुनी रीत होती, पण वीसेक वर्षांत कुणी केली नव्हती. ज्याच्यावर आळ आहे त्यानं वादातल्या रानातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, अनवाणी, आणि तो म्हणतो त्या हद्दीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. बोलायचं काही नाही. हद्द खरी असेल तर ढेकूळ उतरून ठेवायचं. खोटी असेल तर ते त्याच्या लेकराच्या डोक्यावर उतरतं. व्यंकटीच्या आज्यानं खोटं ढेकूळ घेतलं होतं; वर्षाच्या आत घरातला पाळणा माळ्यावर गेला. व्यंकटी तिथंच बसला होता. त्यानं मान हलवून साक्ष दिली.

"सोमवारी," केरबा म्हणाला. "चालतंय का, रामकिशन?"

"चालतंय की," रामकिशन म्हणाला. नाही म्हणणं म्हणजे तिथंच कबूल होणं.

घरी तुळजाबाई भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि भाकरी तव्यावर टाकायची विसरली. हातातलं पीठ वाळत गेलं.

"ढेकूळ घ्यायचं न्हाई," ती म्हणाली. "मला एकच लेकरू हाय. बांध माघारी घ्या."

"गावासमोर? फजिती करून घेऊ?"

"लेकरू का फजिती, ते तुमीच ठरवा."

रामकिशन काही भोळसट माणूस नव्हता. ढेकळावर त्याचा विश्वास होता असं नाही. नव्हता असंही नाही. पण शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटून गेल्यावर, तो गुरुलिंगअप्पाच्या दुकानात गेला आणि बैलांचे कासरे शाळेत राहिलेत म्हणून किल्ली मागितली. गुरुलिंगअप्पानं वर न बघता खिळ्याकडं बोट केलं.

वर्गात खडूचा आणि ओल्या मातीचा वास होता. मातीला भेगा पडू नयेत म्हणून बाई रोज पाणी शिंपडत. रामकिशन उकिडवा बसला. सगळं होतं. ओढा होता, निळ्या रांगोळीचा, जुन्या जागी, शहाण्यासारखा वाहणारा. त्याचं रान होतं, अजून सगळंच्या सगळं, काळं. त्या रानाच्या कडेला पोरीनं काडेपेटीच्या काड्यांची बैलजोडी केली होती आणि बैलांमागं कापसाचा गोळा लावून एक माणूस. माणसाला पागोटं होतं. रामकिशन पागोटं बांधत नसे, पण तो आपणच आहोत हे त्याला कळलं.

त्यानं करडईची काटकी उपटली. बारा दाणे एक एक करून नखानं उकरले. काटकी नवव्या दाण्यापाशी रोवली. दाण्यांचे बारा खळगे राहिले, ते त्यानं अंगठ्यानं दाबून सपाट केले. मग मुठीतल्या दाण्यांचं काय करावं सुचेना. खिशात ठेवले तर तुळजाबाई धुताना विचारेल. बाहेर टाकले तर कुणाला तरी दिसतील. त्यानं ते तोंडात टाकले आणि चावले. ओल्या मातीची कचकच दाताखाली आली. बारा हात रान एका घासात संपलं.

दोर कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता. किल्लीसाठी ज्याचं नाव सांगितलं तो दोर न्यायचा मात्र तो विसरला. आणि वही असते, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. माती फिरवली की झालं, एवढंच त्याला आयुष्यभर माहीत होतं.

संध्याकाळी तो पारावर गेला आणि केरबाच्या कानाशी ओरडून म्हणाला, "आज्या, ढेकूळ घ्यायला मी तयार हाय. पर जमाना बदललाय. पोरांनी आखाडातच सगळं मोजून ठिवलंय शाळेत. तिथं बघू. लेकरं काही खोटं मोजत न्हाईत."

पाराला हे फार पटलं. रामकिशन सुधारला, असं दोघं-तिघं म्हणाले. पारूबाईला निरोप गेला, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावून डोळे पुसले. "देवच पावला," ती म्हणाली. "सुकीनं मोजलंय. सुकी वाचंल ते मला कबूल."

सोमवारी पार शाळेत आला. केरबाला खुर्ची दिली. उज्वलाबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गावाला आनंद दिसला. कादंबरीचं शेवटचं प्रकरण त्यांनी मुद्दाम राखून ठेवलं होतं. त्यात मोठी माणसं पोरांच्या नकाशापुढं येऊन बसतात. "मुलांनो," त्या म्हणाल्या, "आज आपल्याला करून बघायची गरजच नाही. आपोआपच होतंय."

सातवीच्या एका पोरानं बोट ठेवत मोठ्यानं दाणे मोजले. नवावर काटकी लागली.

"नऊ?" पारूबाई पुढं झाली. "नऊ कसे? पुन्यांदा मोज बाबा."

पुन्हा नऊ.

रामकिशन खिडकीला टेकून उभा होता. बाईंनी कपाळाला आठी घातली. "कमी वाटतात. चाळीस ठिकाणं मोजली आपण, मला सगळी आठवत नाहीत. पण वही आहे ना. सुकन्या, वही काढ. वहीचं खरं."

रामकिशननं खिडकीची टेक सोडली.

सुकन्या उठली. बाकाखालून वही काढली, पानं उलटत मातीच्या शिवारापाशी आली. पान सापडलं. तिनं पानावर बोट ठेवलं, मग मातीकडं बघितलं, मोजणाऱ्या पोराचं बोट कुठं चुकलं म्हणून. तिथं काटकीच्या पलीकडं माती सपाट होती, आणि त्या सपाट मातीवर ओळीनं अंगठे उठले होते. अर्धेच. चंद्रकोरीसारखे, एका बाजूनं तिरपे कापलेले.

रामकिशनचा उजवा अंगठा कडबा कापायच्या कुट्टीत अर्धा तुटला होता, सुकन्या दुसरीत असताना. रेशन दुकानातल्या मशीनला तो अंगठा ओळखू यायचा नाही; दर महिन्याला मशीन त्याला तू तो नव्हेस म्हणून सांगायचं. लेकीला ओळखू आला.

तिनं मान वर केली. सरळ बापाकडं बघितलं. किती वेळ ते सांगता येत नाही. केरबा खाकरला तेवढाच असेल. रामकिशननं हात पाठीमागं घेतला. ती ते बघतेय हे दिसत असून घेतला.

"वाच बाय," पारूबाई म्हणाली. "मी लिंबापाशी टोक धरून व्हते. तू तिकडनं ओरडली व्हतीस. भाकरी खाल्ली आपण. वाच."

सुकन्यानं खाली वहीत बघितलं.

"नऊ," तिनं वाचलं.

आवाज अडखळला नाही. "लिंबापासून बांध, नऊ गाठी." आणि वही मिटून छातीशी धरली.

"सुकन्याचा आकडा कधी चुकत नाही," बाई सगळ्यांकडं बघून म्हणाल्या. त्यांना ते खरंच अभिमानानं म्हणायचं होतं.

पारूबाई शिव्या देईल, छाती बडवून घेईल, म्हणून माणसं जरा मागं सरली होती. तिनं तसं काही केलं नाही. वाकून लिंबाच्या काडीपाशी पडलेली धूळ फुंकली, आणि म्हणाली, "मंग नऊच आसतील. मी आडाणी बाई. मला मोजता कुठं येतंय."

दारात चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला.

"निकाल लागला," गुरुलिंगअप्पा म्हणाला. केरबानं विचारलं, काय लागला? कुणीतरी त्याच्या कानात ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. ढेकळाचं पाप टळलं."

घरी तुळजाबाईनं त्या दिवशी लेकीची मीठमिरचीनं दृष्ट काढली. रामकिशनला वाटलं, आता ही विचारेल. विचारेल तर काय सांगायचं ते त्यानं जुळवून ठेवलं होतं : ओढा, मुरूम, आणि हे सगळं शेवटी तुझंच. पोरगी विचारायला आलीच नाही. तिनं वाढलेलं ताट रिकामं केलं, ताट घासलं, अभ्यासाला बसली. एका सकाळीत ती इतकी सराईत झाली होती की तिच्याकडं बघून रामकिशनला आपल्या हुशारीची पहिल्यांदा भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी नवी कादंबरी काढली. मोजायचं काम आलं की सुकन्या म्हणायची, मला चित्र काढायला द्या. बाईंना वाटलं, मूल कंटाळलं.

दसरा झाला. पारूबाईनं रान रामकिशनलाच बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, लावलं. दुसरं कोण करणार होतं? ती हदगावला निघाली त्या दिवशी फाट्यावर एकटीच उभी होती, एका हातात गाठोडं, दुसऱ्यात सीताफळांची पिशवी. रामकिशन बैलं घेऊन तिथून जात होता. तिनं पदर ओढला, पिशवी रस्त्याच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, "सुकीला द्या. तिला आवडतात." बस आली, ती चढली.

सीताफळं घरात कुणी फोडली नाहीत. कोनाड्यात पिकली, काळी पडली, तुळजाबाईनं उकिरड्यावर टाकली.

हरभरा पेरायच्या आदल्या दिवशी रामकिशन गोठ्यात आला तर दावणीवर दोन कासरे पडलेले होते. शाळेतला दोर सुकन्यानं आणून, जोड सोडून, त्याच्या सगळ्या गाठी सोडल्या होत्या. चोवीसच्या चोवीस. त्यानंच सांगितल्यासारख्या आवळून मारलेल्या, वर पावसाळ्याची ओल बसलेल्या गाठी. पोरीनं त्या दातांनी सोडल्या असाव्यात. तिचे ओठ दोन दिवस फुटलेले होते, आणि तुळजाबाई थंडी पडली म्हणून त्यांना तूप लावत होती.

"कासरे आणलेस का?" त्यानं अंगणात येऊन विचारलं.

"तुमचे होते," सुकन्या म्हणाली, आणि वहीला कव्हर घालत राहिली.

सकाळी त्यानं बैलं जुंपली. नव्या बांधाच्या कडेनं पहिलं तास, पेरणीची पहिली ओळ, धरलं. माती खरंच लोण्यासारखी होती. तिफण बुडायची, बी पडायचं, काळ्या मातीला वास यायचा. उजव्या हातात रुमण्याची मूठ, डाव्या हातात कासरा. बैल पुढं ओढायचे तसा कासरा मुठीतून सरकायचा.

अंबाडीचा दोर गाठ सोडली तरी गाठ विसरत नाही. जिथं जिथं गाठ होती तिथं वळ मोडून वाक राहिला होता, खरखरीत, बोटाच्या पेराएवढा. बैल ओढत तसे ते वाक तळहाताखालून एकामागून एक जायचे. न ठरवता त्यानं मोजले. बारा. टोकाला वळून माघारी आला, पुन्हा बारा. त्यानं कासरा कोपरावर गुंडाळून धरला, मग दंडावर घेतला, मग बैलांना उगाच दोन शिव्या दिल्या.

लिंबाखाली कोणी नव्हतं.

तिसऱ्या तासाला त्यानं मोजायचं सोडलं. तळहातानं सोडलं नाही.